पुंगळीचे माप

मराठी वृत्तपत्रांत ‘पुंगळी’ हा शब्द बहुधा एकाच प्रकारच्या वाक्यात भेटतो. घटनास्थळी अमुक इतक्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, पोलिसांनी त्या ताब्यात घेतल्या. पंचनाम्यावर सह्या होतात आणि त्या शब्दाचे काम संपते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतही गोळी सुटली की लेखकाची आणि वाचकाची नजर गोळीच्या मागे जाते. बाजूला उडून पडलेल्या पितळी नळकांड्याकडे पाहण्याचे कुणाला कारण नसते. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत मात्र पुंगळीची खरी हकिकत तिथून सुरू होते. वाजलेली पुंगळी उचलायची, साफ करायची, तिचे माप पूर्ववत करायचे, तिच्यात नवा प्राइमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, आणि पुन्हा वापरायची. तिथे हा कायदेशीर छंद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करता येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला ही कामे माहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. साहित्याच्या पानांवर हा विषय कशाला, असा दुसरा प्रश्न कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात यावे अशी आमची इच्छा आहे.

आम्ही पेन्सिल्वेनियात राहतो. या राज्यात नोव्हेंबरअखेरीस रायफलीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. २०१९ पूर्वी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे आणि अनेक गावांतल्या शाळांना त्या दिवशी सुट्टी असे. आमचे शेजारी या परंपरेतले. उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेले, आता पंच्याहत्तरीपुढचे, मितभाषी गृहस्थ. हिवाळ्याच्या संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये छोटी शेगडी पेटते आणि आम्ही तिथे स्टुलावर बसून त्यांचे काम पाहत असतो. आम्ही बंदूक बाळगत नाही आणि बाळगण्याचा विचारही नाही. पाहण्याला मात्र त्यांची ना नाही आणि आमचा कंटाळा नाही.

काडतुसाचे चार घटक असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळीच्या अवयवांना इंग्रजीत जी नावे आहेत, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधावे लागले नाहीत. बूड, अंग, खांदा, गळा, तोंड. आपण घागरीबद्दल आणि तांब्याबद्दल पिढ्यान्पिढ्या हेच शब्द वापरत आलो आहोत. रायफलीची पुंगळी दिसायलाही एखाद्या उंच, सडपातळ सुरईसारखी असते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे तिच्या पितळेचे प्रमाण. तांब्यापितळेच्या भांड्यांत वाढलेल्या माणसाला या वस्तूची ओळख पटायला वेळ लागत नाही.

गोळी सुटते त्या क्षणी पुंगळीचे काय होते, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. रायफलीच्या नळीच्या बुडाशी काडतूस बसण्याची जी पोकळी असते तिला चेंबर म्हणतात. काडतूस सहज आत जावे म्हणून ते चेंबरपेक्षा किंचित लहान ठेवलेले असते. दारू पेटली की दर चौरस इंचावर पन्नास-साठ हजार पौंडांचा दाब निर्माण होतो. पितळ फुगते, चेंबरच्या भिंतींना सर्व बाजूंनी चिकटते आणि मागच्या बाजूने वायू निसटू देत नाही. पोलाद बंदुकीला बळ देते, पण तिचे दार बंद करते ते हे मऊ पितळ. दाब ओसरला की पितळ थोडे आकसते आणि पुंगळी बाहेर काढता येते. ते थोडेच आकसते, पूर्ववत होत नाही. कारखान्यातून आलेली पुंगळी कुठल्याही रायफलीची असू शकते. एकदा वाजलेली पुंगळी एका विशिष्ट रायफलीची होते. दोन रायफली एकाच कारखान्यात, एकाच मापाने घडल्या तरी त्यांच्या चेंबरांत इंचाच्या हजारांश भागांचे अंतर राहतेच, आणि पुंगळी ते अंतर अंगावर उमटवून बाहेर येते.

हे उमटलेले माप पुसायचे की ठेवायचे, आणि पुसायचे तर किती, हा त्या गॅरेजमधला मूळ प्रश्न आहे.

पुसण्याची क्रिया दिसायला सोपी. टेबलाला घट्ट आवळलेला एक हाताचा दाबयंत्र असतो. त्याच्या माथ्यावर पोलादी साचा बसवतात, त्याला डाय म्हणतात. खालून पुंगळी वर ढकलली की ती त्या साच्यात शिरते आणि सर्व बाजूंनी चेपली जाते. त्याच फेरीत एक सुई जुना प्राइमर बाहेर ढकलते. पुंगळी खाली येताना एक लहानसा पोलादी मणी तिच्या गळ्यातून ओढला जातो आणि चेपलेला गळा गोळी घट्ट धरण्याइतपत पुन्हा उघडतो. तरफ खाली-वर होण्याला दोन-तीन सेकंद पुरतात.

त्याआधी वंगण लावावे लागते. कोरडी पुंगळी साच्यात अशी अडकते की काढण्यासाठी वेगळी अवजारे लागतात. वंगण जास्त झाले तर साच्यातल्या खांद्याशी साचते, दबत नाही, आणि पुंगळीच्याच खांद्याला खळगे पाडते. शेजारी मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन वापरतात, बोटांच्या टोकांनी, जेमतेम ओलसर वाटेल इतके. १८५७ साली एनफिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसांवर कोणती चरबी आहे या प्रश्नावरून काय घडले, हे आम्ही त्यांना एकदा सांगितले. त्यांनी हात थांबवून सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, की काडतूस दातांनी फोडायला सांगण्याआधी शिपायांना कुणी विचारले नव्हते काय? इतिहासाचे इतके थोडक्यात केलेले परीक्षण आम्ही क्वचितच ऐकले आहे.

आता मूळ प्रश्न. या छंदात दोन जुने पंथ आहेत. पहिला म्हणतो, पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत साच्यात घाला आणि प्रमाण मापावर आणा. अशी पुंगळी त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत बिनतक्रार बसते. आपोआप भरल्या जाणाऱ्या रायफलींना तर हाच मार्ग आहे. दुसरा पंथ म्हणतो, फक्त गळा चेपा, कारण गोळी धरण्यासाठी तेवढेच आवश्यक आहे. अंगावर चेंबरने घेतलेला आकार तसाच राहू द्या, तो आकार म्हणजे या पुंगळीची आणि या रायफलीची झालेली ओळख आहे. यात पितळ कमी झिजते. पण चार-सहा वेळा वाजल्यावर अशी पुंगळी इतकी फुगते की स्वतःच्याच रायफलीत घट्ट होते आणि बोल्ट बंद करायला जोर लावावा लागतो. दुसऱ्या रायफलीत ती बहुधा जाणारच नाही.

पहिल्या पंथाची किंमत वेगळी आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. साचा गरजेपेक्षा खोल बसवला तर खांदा फार मागे ढकलला जातो. असे काडतूस चेंबरमध्ये सैल बसते. दारू पेटताच पुंगळीचा पुढचा भाग भिंतींना चिकटतो, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत सरकते, आणि या ओढाताणीत बुडाच्या जरा वरची भिंत ताणून पातळ होते. पुन्हा साचा, पुन्हा स्फोट, पुन्हा ताण. काही फेऱ्यांनंतर त्या जागी बाहेरून एक बारीक चकचकीत कडे दिसू लागते. कधी तेही दिसत नाही. म्हणून शेजारी कागदाला लावायची टाचणीसारखी तार सरळ करतात, तिच्या टोकाला आकडा करतात आणि पुंगळीच्या आतून बुडापासून वर हलकेच फिरवतात. आकडा कुठे अडखळला तर आत खाच पडली आहे. अशी पुंगळी पुढे कधीतरी चेंबरमध्येच दोन तुकडे होईल, आणि तेव्हा मागे गाल टेकवून माणूस बसलेला असेल. वारंवार प्रमाण मापावर आणलेली वस्तू बाहेरून निर्दोष दिसते आणि आतून तुटण्याच्या बेतात असते, ही गोष्ट आम्हांला त्या तारेच्या टोकाने शिकवली.

म्हणून जाणती माणसे आता बहुतेक मधल्या वाटेने जातात. अंग साच्यात घालायचे, पण साचा असा बसवायचा की खांदा एक-दोन हजारांश इंचच मागे यावा. वर्कशॉपमध्ये ज्याला थाऊ म्हणतात ते हे माप. साच्याच्या आट्यांचे प्रमाण इंचाला चौदा आहे. म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला की तो सुमारे एकाहत्तर थाऊ सरकतो. दोन थाऊंसाठी त्याला जेमतेम दहा अंश फिरवायचे. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत बारा अंश फिरतो. हे त्याहूनही कमी. शेजारी आधी वाजलेली पुंगळी मोजतात, साचा केसभर फिरवतात, पुंगळी चेपतात, पुन्हा मोजतात. पुस्तकात छापलेले प्रमाण माप त्यांना तोंडपाठ आहे, तरी ते त्या मापापासून सुरुवात करत नाहीत. समोरची पुंगळी आज किती आहे, इथून करतात.

यापुढची अडचण धातूच्या स्वभावाची. पितळ जितके चेपावे, ताणावे, ठोकावे तितके ते कठीण आणि ठिसूळ होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचे मठारकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवे नाही. ठोके खाऊन पत्रा ताठर झाला की कारागीर तो भट्टीत घालून पुन्हा नरम करतो, मगच पुढे ठोकतो. काडतुसांच्या कारखान्यातही पितळेच्या वाटीपासून टप्प्याटप्प्याने नळी ओढतात आणि मधूनमधून ती तापवतात. धातुशास्त्रात या तापवण्याला अनुशीतन म्हणतात. पुंगळीचा गळा दर फेरीत फुगतो आणि चेपला जातो, म्हणून तोच आधी फुटतो. त्याला दर काही फेऱ्यांनी ज्योतीवर धरून नरम करावे लागते. मात्र फक्त गळा आणि खांदा. बुडापर्यंत उष्णता पोचली तर बूड नरम होईल आणि दाब पेलणार नाही. जुने लोक यासाठी पुंगळ्या परातीत, बुडे पाण्यात राहतील अशा उभ्या करत, वरून गळे तापवत आणि मग त्या आडव्या पाडत. पोलाद तापवून पाण्यात टाकले की कठीण होते. पितळाचे तसे होत नाही, ते नरमच राहते. एकाच वस्तूचे एक अंग मऊ आणि दुसरे ताठ राखावे लागते, आणि कोणते कशासाठी याचा विसर पडून चालत नाही.

या ठिसूळपणाच्या इतिहासात आपल्या पावसाळ्याचाही एक अध्याय आहे. ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात असताना पावसाळ्यात हालचाली मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर काडतुसे बाहेर काढली की अनेकांना तडे गेलेले असत, विशेषतः पुंगळीचे तोंड गोळीवर आवळलेले असे त्या जागी. कुणी ती वापरली नव्हती, आपटली नव्हती. घडवताना दिलेला ताण पितळेत तसाच मुरून राहिला होता, आणि घोड्यांच्या मुतातून उठणाऱ्या अमोनियाने दमट हवेत त्याच ताणलेल्या जागा हेरल्या होत्या. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली याची उकल केली. उपाय अनुशीतनाचाच होता: हलकी उष्णता देऊन आतला ताण सैल करायचा. आजही जाणकार पुंगळ्या चमकवायला अमोनिया असलेले पॉलिश वापरत नाहीत.

हे सारे पाहत असताना आमच्या मनात जे चालले होते ते आता सांगायला हवे. आमचा पेशा भाषा शिकवण्याचा. इकडे रविवारच्या मराठी वर्गात मुले येतात. त्यापूर्वी अनेक वर्षे महाराष्ट्रात महाविद्यालयात शिकवले. लाल पेन हा आमचा दाबयंत्र आणि प्रमाण मराठी हा साचा, हे रूपक कुणालाही सुचेल इतके उघड आहे, आणि उघड रूपकांविषयी आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सावध करतो. तरीही हे रूपक सोडवेना, कारण त्या गॅरेजमध्ये प्रश्न आमच्या वर्गातल्यापेक्षा अधिक नेमका मांडला जात होता. प्रमाण की बोली, असा वाद आपण घालतो. तिथे विचारले जाते: ही कुठे बसवायची आहे, आणि त्यासाठी किती थाऊ पुरेत?

खुद्द ‘काडतूस’ या शब्दाकडे पाहा. पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून तो आला असे मानतात, आणि त्याच्याही मुळाशी कागद आहे, कारण पहिली काडतुसे कागदाची होती. मराठी जिभेने त्याला आपल्या चेंबरात घेतले, तो फुगला, आवळला, मधला जोडाक्षराचा खडा निघाला, शेवटचा उकार गळाला. आज पितळेच्या वस्तूला आपण कागदाचे नाव देतो आणि ते कुणाला खुपत नाही. एकाही व्याकरणकाराने त्याला मूळ मापावर आणण्याचा आग्रह धरला नाही, म्हणून तो अजून चालतो.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका बारा वर्षांच्या मुलीने आजीवर निबंध लिहिला. तिच्या घरी मालवणी बोलतात. निबंधात ‘माका’ होते, ‘खंय’ होते, आणि त्याच्या शेजारी इंग्रजीच्या साच्यातून आलेली वाक्येही होती: आजीने ‘एक झोप घेतली’, आजी मला ‘मिस करते’. निबंध स्थानिक मंडळाच्या दिवाळी अंकात जायचा होता, आणि भाषा शुद्ध करून द्यावी असा निरोप आला होता. पूर्ण साच्यात घातला असता तर दहा मिनिटांचे काम होते. सगळे ‘मला’ आणि ‘कुठे’ झाले असते, निबंध कुठल्याही अंकात बसला असता आणि आजी कुठल्याही गावची झाली असती. काहीच न करता दिला असता तर मुलीच्या घरात तो वाचला गेला असता, मराठवाड्यातल्या वाचकाला दोन ठिकाणी बोल्ट अडकला असता.

आम्ही मुलीला शेजारी बसवून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायला लावले. जिथे ती स्वतः अडखळली तिथे पेन टेकवले. ‘झोप घेतली’ गेले, तिथे ‘आजी जरा आडवी झाली’ आले. हे तिनेच आठवून सांगितले. ‘मिस करते’ याला तिने बराच विचार करून ‘आजीक माझी याद येता’ असे आणले. आजीच्या तोंडचे सगळे मालवणी तसेच राहिले, आणि निवेदनात एक ‘खंय’ तिने हट्टाने ठेवला. अंकाच्या संपादकांना आम्ही लिहिले की यापुढे एकही शब्द बदलू नये. त्यांनी दोन बदलले. बाकीचा निबंध छापून आला आणि मुलीने तो सिंधुदुर्गात आजीला फोनवरून वाचून दाखवला.

आमच्या पिढीत अशी पुष्कळ माणसे आहेत, ज्यांच्या तोंडची बोली शाळेत पहिल्या वर्षीच चेपून काढली गेली. ती निर्दोष मराठी लिहितात. सभेत बोलायला उभी राहिली की मात्र घसा आवळतो. कुणी त्यांना त्या दिवशी दुखावलेले नसते. हवेत नुसता कसलासा दमटपणा असतो. तबेल्यातल्या काडतुसांची हकिकत ऐकल्यापासून आम्हांला या शांततेचे नवल वाटेनासे झाले आहे.

रूपकाला इथे थांबवलेले बरे, कारण शेवटी पुंगळी ही पुंगळी आहे. तिच्यातून सुटणारी गोळी एका जिवंत प्राण्यासाठी असते, आणि ज्या देशात आम्ही राहतो तिथे ती कधी शाळेतल्या मुलांसाठीही सुटते. शेजारी याविषयी वाद घालत नाहीत. दारू एका कुलपात, प्राइमर दुसऱ्या कुलपात, रायफल तिजोरीत, आणि वर्षाला एक हरिण, जे त्यांच्या घरी वसंतापर्यंत पुरते. आम्ही ते खात नाही, याचे त्यांना वाईट वाटत नाही.

त्यांच्या प्रत्येक डब्यात पन्नास पुंगळ्या असतात आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीने उभ्या रेघा: ही तुकडी किती वेळा वाजली, कितव्यांदा तापवली. टेबलाखाली कॉफीचा एक रिकामा डबा आहे. तारेचा आकडा अडखळला की पुंगळी पकडीत धरून तोंड चेपून टाकायची, म्हणजे चुकूनही ती पुन्हा भरली जाऊ नये, आणि मग त्या डब्यात. डबा भरला की भंगारवाला नेतो आणि पितळ वितळून पुन्हा पितळ होते. या जानेवारीत एका तुकडीतल्या नऊ पुंगळ्या डब्यात गेल्या. चिठ्ठीवर अकरा रेघा होत्या. त्यांनी पन्नासचा आकडा खोडून एकेचाळीस केला आणि साचा तपासायला घेतला.